बाबारावकाकांचा राउटर

आमच्या शेजारचे बाबारावकाका राउटरला दुपारी झोपवतात. जेवण झालं की बटण बंद करायचं आणि त्यावर धुतलेला रुमाल टाकायचा. "सकायपासून चालून राह्यलं बिचारं. तापलं हाय. दम खाऊ द्या त्याले."

कारंजा गावाबाहेर काकांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर. नेटही त्यांना पाटाच्या पाण्यासारखंच वाटतं. अडलं की "कुठीतरी फुटलं" म्हणत वायर चाचपत घरभर फिरतात.

संध्याकाळी मळ्यातून आले की ते ओसरीवर बसून मोबाइलवर कुस्त्या बघतात. पण काही दिवसांपासून कुस्ती पुढे सरकतच नव्हती. एक पैलवान दुसऱ्याला उचलायचा आणि तो बिचारा हवेतच राहायचा. तेवढ्यात काकांचा चहा पिऊन व्हायचा. शेवटी काकूंनी मला बोलावलं. ऑफिसात मी कॉम्प्युटरपुढे बसतो, एवढंच माझं भांडवल.

राउटर सापडायलाच वेळ लागला. पार मागच्या खोलीत, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांमागे, भिंतीला चिकटून ठेवलेला. मी तो उचलून ओसरीलगतच्या खोलीत लावला आणि पैलवान धाडकन आपटला. काकू हसल्या. काका मात्र मागच्या खोलीकडेच बघत होते.

दुसऱ्या संध्याकाळी काकूंचा निरोप, नेट पुन्हा गेलं. जाऊन पाहतो तर राउटर परत कोठ्यांमागे. मी जरा वैतागूनच विचारलं, काका, काहून हलवता याले?

काकांनी मला मागच्या खोलीत नेऊन दार लोटलं. त्या भिंतीपलीकडे गयाबाई एकटी राहते. लेक नागपूरला दिलेली.

"तिले फोनवर आयकू येत नाही," काका हळूच म्हणाले. "लेकीचं तोंड दिसलं, त समजते. आपलं नेट म्याच जोडून देल्लं तिच्या मोबाइलात. तिले वाटते, मोबाइलातच असते. सांगू नोको. लाजन अन् बंद करून ठेवन."

राउटर होता तिथेच ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून कोठ्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवल्या. मधला पत्र्याचा आडोसा गेल्यावर ओसरीवर आता बऱ्यापैकी नेट येईल असं वाटलं. खात्रीसाठी राउटर एकदा बंद करून चालू करावा म्हणून मी हात पुढे केला, तर काकांनी माझं मनगट धरलं.

भिंतीपलीकडून गयाबाईचा खणखणीत आवाज येत होता. लेकीला विचारत होती, वाळली काहून इतकी, जेवत नाही का. मग काहीतरी समजलं असावं, मोठ्यानं हसली.

काका जमिनीवरच टेकले.

"बस थोडा," ते म्हणाले. "तिचं बोलनं होऊ दे."