ऑस्लाबाईंचा पाय आणि रेनविकसाहेबांची विश्रांती

सोमवारी सकाळी आठ वाजता ऑस्लाबाईंचा पाय मुरगळला, पण हातातला ट्रे जागचा हलला नाही. ओटची लापशी, तळलेला मासा, उकडलेलं अंडं, चहाची किटली, सगळं त्यांनी पुढच्या खोलीत नेऊन पाहुण्यांसमोर नीट मांडलं. "झोप लागली ना चांगली?" असं हसून विचारलं, उत्तर पूर्ण ऐकून घेतलं, आणि स्वयंपाकघरात येऊन दार लावल्यावरच त्या कोळशाच्या पेटीवर मटकन बसल्या. घसरल्या होत्या त्या स्वतःच पॉलिश केलेल्या फरशीवरून. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती दोनदा घासली होती.

आमच्या स्कार्वे बेटावर पाहुणा येणं ही आता साधी गोष्ट राहिलेली नाही. शाळेला कुलूप लागून सहा वर्षं झाली. उत्तरेकडच्या अतिथिगृहात हल्ली मेंढ्या मुक्कामाला असतात. ऑस्लाबाईंचं अतिथिगृह तेवढं चालू आहे, आणि चौतीस वर्षांत त्या घरात एकाही पाहुण्याला इकडची काडी तिकडे करावी लागलेली नाही. हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत. सांगायला आम्ही बाकीचे आहोत.

या वर्षीचे पहिले पाहुणे म्हणजे ग्लासगोचे रेनविकसाहेब. पन्नाशीचे, उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. 'आठवडाभर काहीही करायचं नाही अशी मला सक्त ताकीद मिळाली आहे. फक्त शांतता हवी,' असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. ते पत्र दुकानात सगळ्यांनी वाचलं होतं, आणि रेनविकसाहेबांची विश्रांती ही त्या दिवसापासून सगळ्या बेटाची जबाबदारी झाली होती.

ऑस्लाबाईंची भाची मेरन टपाल वाटत मागच्या दाराने आली, तेव्हा मावशी मोजा काढून बसली होती.

"मावशी, हा पाय आहे की भोपळा?"

"हळू बोल. पाहुणे खातायत."

"सांगून टाक ना त्यांना. समजूतदार दिसतात."

"काय सांगू? तुम्ही विश्रांतीला आलात आणि बसलेय मी? टपालाची पिशवी ठेव तिकडे आणि वरच्या खोलीतली गादी झटकून ये."

मेरनने पिशवी ठेवली. ती पिशवी चार दिवस तिथेच राहिली.

स्वयंपाकाला शेजारचा गिडियन आला. तो मेंढ्या पाळतो, रविवारी प्रवचन करतो आणि विमानाच्या धावपट्टीवरचा आगीचा बंबही त्याच्याच ताब्यात असतो.

"काही काळजी करू नकोस, ऑस्ला. जहाजावर चौदा वर्षं चाळीस माणसांना रांधून घातलंय मी."

"म्हणूनच मालकाने ते जहाज विकलं," मेरन म्हणाली.

गिडियनला एकच पदार्थ येत होता: धुरावर वाळवलेल्या खाऱ्या मटणाचं सूप. सोमवारी रात्री ते पातळ होतं, मंगळवारी दुपारी दाट झालं आणि मंगळवारी रात्री सुरीने कापून वाढावं लागलं. रेनविकसाहेबांनी ते तिन्ही अवस्थांत निमूटपणे खाल्लं.

"ऑस्लाबाई दिसल्या नाहीत दिवसभर," ते जेवताना म्हणाले.

"गोठ्यात आहे," मेरनने पाणी ठेवत सांगितलं.

"चर्चमध्ये गेलीय," गिडियनने त्याच वेळी आत येत सांगितलं.

साहेबांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

"वाटेवरच आहे चर्च," गिडियन म्हणाला.

सकाळचा नाश्ता मात्र ऑस्लाबाई दुसऱ्या कुणाला नेऊ देत नव्हत्या. ओठ घट्ट मिटून, मान ताठ ठेवून त्या ट्रे घेऊन जायच्या, हसायच्या आणि परत यायच्या. परत आल्यावर त्यांना पाणी पाजावं लागे.

टपाल का येत नाही म्हणून दोघं-तिघं चौकशीला आले. ऑस्लाबाईंनी एकाला बटाटे सोलायला बसवलं, दुसऱ्याला चादरी इस्त्री करायला. मग त्या दोघांच्या गाईंची धार काढायला आणखी कुणाला तरी जावं लागलं. बुधवार उजाडेपर्यंत निम्मं बेट मागच्या दाराने ये-जा करत होतं, आणि पुढच्या खोलीला आवाज जाऊ नये म्हणून सगळे मोज्यांवर चालत होते.

बुधवार आणि शनिवार हे विमानाचे दिवस. विमान उतरताना बंबाशेजारी शिरस्त्राण घातलेली दोन प्रशिक्षित माणसं उभी असलीच पाहिजेत, नाहीतर वैमानिक उतरत नाही. ती दोन माणसं म्हणजे गिडियन आणि मेरन. त्या दिवशी वारा पाठीमागून होता, विमान वीस मिनिटं आधीच आलं. गिडियनचे हात कोपरापर्यंत पिठात होते आणि मेरन वर पलंगाखाली झाडत होती. घरघर ऐकून दोघं धावत सुटले. गिडियनच्या अंगावर ऑस्लाबाईंचा फुलाफुलांचा एप्रन तसाच होता. विमानाने दोन घिरट्या घातल्या, बंबाजवळ कुणी नाही हे पाहिलं आणि परत फिरलं.

त्या विमानात नर्स होती. ती पंधरा दिवसांतून एकदा येते.

"म्हणजे मावशी," मेरन धापा टाकत म्हणाली, "तुझा पाय बघायला येणारी बाई परत गेली, कारण आम्ही तुझा पाय लपवत होतो."

"बरंच झालं. नर्स घरात आली असती तर पाहुण्यांना कळलं असतं."

गुरुवारी दुपारी मात्र मागचं दार उघडलं आणि दारात स्वतः रेनविकसाहेब उभे राहिले. समोर एप्रनमधला गिडियन, मोज्यांवर उभी असलेली सहा माणसं, आणि मधोमध माशांच्या पालथ्या खोक्यावर पाय ठेवून बसलेल्या ऑस्लाबाई. पाय निळा-जांभळा झाला होता.

साहेब आत आले, खोक्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. ऑस्लाबाईंनी पाय मागे घेतला.

"उठा बघू. पाहुणे आहात तुम्ही."

"मी हाडांचा डॉक्टर आहे, ऑस्लाबाई. सत्तावीस वर्षं हेच करतोय."

"मग आल्या आल्या सांगितलं का नाही?"

"सांगितलं की लोक गुडघे दाखवायला लागतात. मागच्या सुट्टीत मी अकरा गुडघे पाहिले." त्यांनी सहाही जणांकडे नजर टाकली. दोघांनी हळूच आपापल्या गुडघ्यावरचा हात काढला. "आणि तुमचा पाय मला सोमवारीच कळला होता. ट्रे ठेवताना तुम्ही सगळा भार डाव्या पायावर घेतलात."

"आणि चार दिवस गप्प बसलात?"

"तुम्ही इतक्या ऐटीत चालत होतात, विचारायची माझी छाती झाली नाही."

ऑस्लाबाईंची मान आणखी ताठ झाली. "या घरात पाहुण्याला कधी कामाला लावलेलं नाही. आता लावणार नाही. चहा पाठवते, पुढे जाऊन बसा."

साहेबांनी थोडा विचार केला. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. पण परत गेल्यावर विश्रांती कशी झाली म्हणून विचारतील, तेव्हा मला खरं सांगावं लागेल. सोमवारपासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. दार वाजलं की वाटतं, आता या बाई त्याच पायावर चालत येणार. इतका थकवा तर मला इस्पितळातही आला नव्हता."

पाहुण्याची झोप मोडणं ही चौतीस वर्षांत या घरात घडलेली पहिलीच चूक होती, आणि ती ऑस्लाबाईंच्या पायाने केली होती.

"पाहुण्यांची गैरसोय होत असेल तर बघा," त्या शेवटी म्हणाल्या आणि पाय पुढे केला.

हाड शाबूत होतं, शीर दुखावली होती. साहेबांनी चादरीच्या पट्ट्या फाडून पाय असा बांधला की गिडियन वाकून वाकून ती गाठ पाहत राहिला. मग साहेब पुढच्या खोलीत गेले, खुर्चीत बसले आणि बसल्या जागी झोपले ते थेट शुक्रवारी सकाळी उठले. तोवर बातमी बेटभर झाली होती. अंगणात चार गुडघे, दोन कंबरा आणि एक खांदा येऊन उभा होता. ऑस्लाबाईंनी दारात खुर्ची टाकली, काठी आडवी धरली आणि सगळ्यांना वाटेला लावलं.

"पाहुणे आराम करतायत," एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवारी बंबाशेजारी गिडियन आणि मेरन शिरस्त्राणं घालून अर्धा तास आधीच उभे होते. विमान उतरलं, बुधवारी परत गेलेली नर्सही उतरली. साहेबांना निरोप द्यायला ऑस्लाबाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या होत्या. नर्सने तिथेच त्यांचा पाय हातात घेतला, पट्टी उलटसुलट पाहिली आणि वही उघडली.

"हे कुणी बांधलं? इतकं सफाईदार काम मलाही जमत नाही."

साहेबांनी तोंड उघडलं. ऑस्लाबाईंनी एका नजरेने ते बंद केलं.

"आहे आमच्यातलाच एक," त्या म्हणाल्या.

"ऑस्लाबाई, माझ्या वहीत या बेटाच्या एकोणीस माणसांची नावं आहेत. सगळ्यांना मी ओळखते. यातल्या एकालाही साधं बोट बांधता येत नाही."

"वही जुनी झाली तुझी," ऑस्लाबाई म्हणाल्या. "वीस आहोत आम्ही. एक जण कामानिमित्त ग्लासगोला असतो."