तेल पाजलेल्या कानशी

वच्छलाने वांगी नुसत्या पाण्यात शिजायला टाकली, कारण घरातलं जवसाचं तेल पुन्हा एकदा कानशींनी पिऊन टाकलं होतं.

कानशी तिच्या नवऱ्याच्या, टिकाराम मिस्तरीच्या. इंग्रज गेले त्या साली तो नागपूरचा कारखाना सोडून अर्जुनी मोरगावला परतला, तेव्हा लोखंड घासायच्या या सहा विलायती कानशी सोबत घेऊन आला. इंग्रज गेले, पण त्यांच्या कानशी टिकारामने जाऊ दिल्या नाहीत. पडवीत त्याने आपला कारखाना मांडला. भिंतीला सागवानी फळी, फळीला खाचा, प्रत्येक खाचेत एक कानस. कानशीला कानस लागली तर दाते मोडतात, म्हणून प्रत्येक वेगळ्या फडक्यात बांधलेली. हवा लागू नये म्हणून फडकं कधी सोडायचं नाही. गंज चढू नये म्हणून दर शनिवारी वरूनच तेल ओतायचं. मारुतीला उरलं तर मिळायचं.

कंदील, कुलूप किंवा सायकल दुरुस्त करताना काही घासायची वेळ आली, तर टिकाराम दगड वापरायचा.

शेजारचा बिसराम धानाच्या कापणीआधी विळा घेऊन यायचा आणि घटकाभर कानस मागायचा. टिकारामचं उत्तर ठरलेलं होतं. "वापरल्यानं कानस झिजते, बापा." बिसराम "होय जी" म्हणून निघून जायचा. वच्छलाच्या विळ्यालाही हेच उत्तर होतं. भाजी बेचव झाली की मात्र टिकाराम जेवण होईपर्यंत कुरकुरायचा आणि ती ऐकून घ्यायची. ऐकून घेणारं माणूस समोर असतं तोवरच कुरकुरीला अर्थ असतो. 

त्या पौषात गुलाबचंद शेठची धान गिरणी बंद पडली. जुना फिटर भांडून निघून गेला होता. इंजिनाच्या दांड्याभोवती बसवायचं कडं, म्हणजे नवं पितळी बुश आणलं, तर ते जागेवर बसेना. त्याच्या कडा थोड्या घासायला हव्या होत्या. शेठने टिकारामला निरोप धाडला, काम जमलं तर फिटरची जागा कायमची तुझी. ही जागा मिळावी म्हणून टिकाराम कित्येक वर्षं शेठच्या ओट्यावर बसून आला होता.

तो फळीसकट कानशी खांद्यावर घेऊन गिरणीत गेला. आवारात धानाच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि गाडीवाल्यांना दुसरं काम नव्हतं. ते सगळे भोवती जमले.

पहिलं फडकं सुटेना. तेल पिऊन पिऊन ते कातड्यासारखं ताठ झालं होतं. शेवटी कोयत्याने फाडलं. आतून पिवळीजर्द, चकचकीत कानस निघाली. टिकारामने ती पितळेवर ठेवून जोर लावला, तशी ती धानाच्या बांधीतल्या चिखलात पाय घसरावा तशी सरकन पुढे गेली. पितळेवर ओरखडासुद्धा उठला नाही.

शेठने तिच्यावर बोट फिरवलं. "मिस्तरी, ये कानस है के साबुन?"

जवसाचं तेल वाळलं की रोगणासारखं घट्ट होतं, हे गावातला कोणताही सुतार सांगू शकला असता. पण नागपूरचा मिस्तरी गावच्या सुताराला कशाला विचारतो? कानशींचे सगळे दाते आता रोगणाखाली गाडले गेले होते. घासलेटमध्ये बुडवूनही ते वर येईनात. दुसरी तशीच, तिसरी तशीच, पाचवीपर्यंत तशीच. सहावं फडकं फाडलं, तर आत कानसच नव्हती. मोडक्या चिमट्याचा एक पाय होता.

गाडीवाले पोट धरून हसले. शेठ हसला नाही. दुपारपर्यंत काम झालं नाही तर गोंदियाहून फिटर आणतो, एवढंच त्याने सांगितलं.

बिसरामनेच कानस चोरली, असं ओरडत टिकाराम घरी आला.

"बिसराम भाऊजी कायले चोरतीन?" चुलीजवळून वच्छला म्हणाली. "मीच काढली."

तिने कोंड्याच्या मडक्यात हात घातला आणि कानस काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. थोडी झिजली होती, पण कोरडी होती आणि दाते उघडे होते.

"तू वापरली?"

"मी वापरली. बिसराम भाऊजीनं वापरली. सारा मोहल्ला वापरून राहिला. तुमी काऊन ओरडून राहिले? तुमच्याजवर पाच आहेत ना."

वाद घालायला वेळ नव्हता. टिकाराम कानस घेऊन पळाला. दुपारच्या आत बुश बसलं, इंजिन खोकलं, गाड्या हलल्या. शेठने जागा दिली. उद्या भोंगा व्हायच्या आत ये आणि हीच कानस आण, बाकीच्या घरी पुजायला ठेव, असंही बजावलं.

सकाळी टिकाराम धुतलेला सदरा घालून तयार झाला. रात्री वच्छलाने कानस परत कोंड्याच्या मडक्यात ठेवली होती, म्हणून त्याने त्यात कोपरापर्यंत हात घातला. आत नुसता कोंडा होता.

"कानस कोठी आहे?"

"बिसराम भाऊजीकडे. आज त्याइचा नंबर आहे." वच्छलाने कढईत तेल सोडलं. शनिवार होता, पण टिकारामचं लक्ष तेलाकडे नव्हतं.

"मंग मी गिरणीत काय नेऊ?"

"त्याइले मागा."

बिसराम अंगणात बसून कुऱ्हाडीच्या पात्यावर सावकाश कानस फिरवत होता. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. टिकारामने घसा साफ केला आणि घटकाभर कानस मागितली. आज पहिला दिवस आहे, शेठ वाट पाहत असेल, असंही सांगितलं.

बिसरामने पातं उजेडाकडे धरून धार पाहिली. मग कुऱ्हाड उलटी केली आणि दुसरी बाजू घासायला घेतली.

"बसा जी मिस्तरी," तो म्हणाला. "घाई केल्यानं कानस झिजते."