झोपाळू यंत्राचा तपास

सासूबाई गेल्या आणि सासरे जावयाकडे राहायला आले. जावयाचं काम घरूनच चाले. सासरे सकाळपासून त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसत, कारण दुसऱ्या खोलीत बोलायला कुणी नव्हतं.

जावई त्या दिवसांत मेटाकुटीला आला होता. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याची नवी आवृत्ती टाकल्यापासून लॅपटॉप चालता चालता झोपी जाई. जुनीत असं कधी झालं नव्हतं. दोन्हींच्या मध्ये जगभरच्या लोकांनी केलेले हजारो बदल; दोष त्यांतल्याच एकात असणार. मधल्या बदलापाशी थांबून यंत्र चालवून बघायचं. चाललं तर दोष पुढच्या अर्ध्यात, झोपलं तर मागच्या. असं अर्धं अर्धं करत गुन्हेगार गाठायचा.

सासऱ्यांना हा न्याय पसंत पडला. ते लॅपटॉपच्या कडेवर हात टेकून निकाल विचारत. मध्येच त्यांना डुलकी लागे, मग जावई एकटाच पुढे जाई.

अखेर एक बदल सापडला. तो केला होता एका वयोवृद्ध अभियंत्याने. यंत्राच्या झोपण्या-उठण्याचा सगळा कारभार वर्षानुवर्षं तोच सांभाळत होता. जावयाने कर्नेलवाल्यांच्या जाहीर चर्चेत, चारचौघांत लिहून त्याच्या डोक्यावर खापर फोडलं आणि खोटं कशाला बोला, त्याला जरा बरंच वाटलं.

उत्तर आलं, "माझ्याकडेही यंत्र झोपतंय. आता माझी नजर चुकते. बदल मागे घेतो आणि राजीनामाही देतो."

जावयाला जेवण गेलं नाही. एका म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं काम आपण एका परिच्छेदात संपवलं, हे त्याला खात होतं. त्यात बदल मागे घेऊनही लॅपटॉप झोपायचा थांबेना.

संध्याकाळी सासऱ्यांनी हात धुवायला जाताना मनगटावरचा, सांधेदुखीसाठी बांधलेला चुंबकाचा पट्टा काढून लॅपटॉपच्या कडेवर ठेवला. पडदा काळा झाला. जावयाने पट्टा उचलला, पडदा उजळला. झाकण मिटलं की नाही हे लॅपटॉप झाकणातल्या चुंबकावरूनच ओळखतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जुन्या आवृत्तीच्या वेळी सासरे या घरात आलेच नव्हते.

"म्हणजे दोष माझ्यात होता," सासरे म्हणाले.

"तुमच्यात नाही बाबा, पट्ट्यात."

"पट्टा माझाच की." त्यांनी खुर्ची उचलून दाराजवळ नेली. जावयाने ती पुन्हा शेजारी आणून ठेवली आणि माफीनामा लिहायला घेतला. दोष कर्नेलमध्ये नसून माझ्या सासऱ्यांच्या मनगटावर आहे, हे वाक्य त्याने तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. राजीनामा मागे घ्यावा, अशी त्याने हात जोडून विनंती केली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. जावयाने ते मोठ्याने वाचलं.

"माझ्याही मनगटावर तसलाच पट्टा आहे. काढला, तर यंत्र जागं राहिलं. तुमच्यावर राग नाही. राजीनामा मात्र मागे घेणार नाही. तो दिल्यापासून मला गाढ झोप लागते आहे. राजीनाम्यासोबतच माझ्या जागी तुमचं नाव सुचवलं होतं. आज सकाळी ते मंजूर झालं."

जावई खुर्चीत मागे कलला. सासऱ्यांनी उत्तर पुन्हा वाचायला लावलं आणि मान डोलावली.

"माणूस हुशार आहे," ते म्हणाले.