करीम सारंगांचा चुकलेला अंदाज

करीम सारंगांनी मुंबईच्या कॉलेजांचा एकही फुटबॉलचा सामना उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तरी दर पावसाळ्यात कॉलेजातल्या कोणत्या खेळाडूला रेल्वे नोकरीला उचलणार, कोणाला गोदी, कोणाला गिरणी आणि कोण हात हलवत घरी जाणार, हे ते रेवदंड्याच्या बाजारात आपल्या सुंभाच्या दुकानात बसून छातीठोकपणे सांगत. आणि सांगितलेलं बऱ्याचदा खरं ठरे, हीच पंचाईत होती. खोटं ठरलं असतं तर निदान माझ्या ओसरीवर शांतता नांदली असती.

तेव्हा, म्हणजे एकोणीसशे तीसच्या आगेमागे, मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांचे आपापले फुटबॉलचे संघ असत. कॉलेजात चांगला खेळणारा पोरगा दिसला की कंपनी त्याला कारकुनाची नोकरी देऊन टाके. तो दिवसभर टेबलाशी बसून टिपकागद दाबी आणि संध्याकाळी कंपनीसाठी गोल मारी. सामने भर पावसात, चिखलात होत आणि श्रावणात नेमणुका ठरत. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे समुद्र बंद. होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकलेल्या, जाळी घरात, कोळीवाड्याला नारळी पौर्णिमेपर्यंत काम नाही. कोणी काही बोललं तर ऐकायचं, एवढाच उद्योग. सारंग बोलत आणि बाजार ऐके.

सारंग म्हणजे आगबोटीवरच्या खलाशांचा मुकादम. करीम सारंगांनी तीस वर्षं ते काम केलं. बोट सुटायच्या आधी मुंबईच्या गोदीत रांगेने उभ्या राहिलेल्या पोरांतून खलाशी निवडायचे, हा त्यांच्या नोकरीतला मानाचा भाग. त्याला ते 'उचलणं' म्हणत. ज्याला घेतलं तो 'उचलला', ज्याला सोडलं तो 'किनाऱ्यावर'. फुटबॉलशी त्यांची ओळख एवढीच की विलायतेतल्या कुठल्याशा बंदरात गोदीच्या भिंतीवर चढून त्यांनी अर्धा सामना पाहिला होता. बोटीचा भोंगा झाल्यामुळे उरलेला अर्धा राहिला. त्यात शेवटी कोण जिंकलं, हे त्यांनी मला ओळख झाल्याच्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

मी शाळामास्तर. बदली होऊन रेवदंड्याला आलो तेव्हा चार माणसांत वजन पडावं म्हणून मी इंग्रजी वर्तमानपत्र लावलं. ते धरमतरवरून अलिबागमार्गे दोन दिवसांनी, अर्धवट भिजून येई. मी ते सावकाश, पहिल्या पानापासून वाचणार असा माझा बेत असे. पण सारंगांचं घर माझ्या घराला लागून. टपालवाल्याच्या मागोमाग ते छत्री झटकत ओसरीवर हजर होत.

"मास्तर, खैरियत? मागचं पान काढा."

"सारंग, पुढे व्हाइसरॉयचं भाषण आहे."

"त्याची नोकरी लागलेली हाय. ज्यांची लागायची हाय त्यांचं वाचा."

मी वाचायचं, भाषांतर करायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. मध्येच एक बोट वर होई. "लिहा. रेल्वे. उचलला." मी निमूटपणे शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिही. माझं अक्षर चांगलं, हा माझा गुन्हा.

त्यांची पारखण्याची रीत सरळ बोटीवरची होती. गोलकीपरला ते सुकाणी म्हणत, कारण चाक धरणाऱ्या माणसासारखं त्याला एका जागी उभं राहून सगळ्यांच्या चुका निस्तराव्या लागतात. पुढे धावणारे फॉरवर्ड म्हणजे आगवाले, इंजिनात कोळसा मारणारे. "धावतात लई. डोकं लागत न्हाय." आणि त्यांचा जीव खरा बॅकवर, पाठीमागे उभं राहून गोल अडवणाऱ्यावर. बॅकबद्दल त्यांचा एक सिद्धान्त होता. "ज्याचं नाव छापून येतं तो गोल मारतो. ज्याचं नाव छापून येत न्हाय त्याच्यामुळं गोल होत न्हाय. कंपनीचा साहेब हा दुसरा उचलतो. मी असतो तर मी पन तोच उचलला असता."

या सिद्धान्तावर त्यांनी दोन वर्षं नाव कमावलं आणि तिसऱ्या वर्षी तोंडघशी पडले. एका कॉलेजच्या बॅकचं नाव जूनपासून एकदाही पेपरात आलं नाही. सारंग हरखून गेले. असा बॅक त्यांनी ऐकला नव्हता. "मास्तर, दोन महिने झाले, पोराची एक चूक न्हाय. रेल्वे आनि गोदी दोघं भांडनार त्याच्यावरनं." पुढे कळलं की तो जूनच्या पहिल्या आठवड्यात पाय मोडून साताऱ्याला आपल्या घरी निजला होता. सारंगांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "पाय चांगला असता तर उचललाच असता," असं म्हणून त्यांनी पुढचं नाव काढायला सांगितलं.

दुसरी कसोटी जेवणाची. खलाशी निवडताना ते म्हणे त्याला आधी मासळी खायला बसवत. काटा निवडून बाजूला ठेवणारा तो सुकाणी, सगळं एकत्र चावणारा तो आगवाला. तेव्हा एका नावाजलेल्या फॉरवर्डबद्दल त्यांचं मन ठरेना म्हणून मला त्याच्या कॉलेजला जोडकार्ड लिहावं लागलं, की आपला अमुक विद्यार्थी मासे कसे खातो हे कृपया कळवावे. सही माझी. आठ दिवसांनी प्राचार्यांचं उत्तर आलं की सदर विद्यार्थी शाकाहारी आहे आणि या चौकशीचा हेतू कळत नाही. माझी कानशिलं तापली. सारंगांनी मात्र क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग गिरनी. शेठ लोकांना बरा पडंल."

त्याला गिरणीनेच उचललं. त्यानंतर आठवडाभर बाजारात माझ्याकडेही लोक आदराने पाहत होते.

चौथ्या पावसाळ्यात मात्र गोष्ट वेगळी झाली, कारण त्या वर्षी यादीत यासीन होता.

यासीन सारंगांच्या मुलीचा मुलगा. मुलगी आणि जावई एकाच साथीत आठवड्याच्या अंतराने गेले, तेव्हा पोर पाच वर्षांचं होतं. सारंग ती खबर ऐकून बोटीवरून उतरले ते परत चढलेच नाहीत. त्यांनी सुंभाचं दुकान घातलं, पोराला वाढवलं, अलिबागच्या हायस्कुलात घातलं आणि मग मुंबईच्या कॉलेजात. तिथे तो बॅक खेळू लागला, आणि खरोखर चांगला खेळू लागला. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नसूनही हे मी सांगू शकतो, कारण मी पेपर वाचत होतो. कंपनीने घेतलं तर त्याची जन्माची ददात मिटत होती. नाही घेतलं तर परत येऊन सुंभ वळायचं.

बाजाराने साहजिकच विचारलं, आपल्या यासीनला कोण उचलणार? विचारणाऱ्यांत पुढे गणू तांडेल. गणूची स्वतःची मोठी होडी, त्यालाही दरवर्षी खलाशी निवडावे लागत, त्यामुळे तो सारंगांशी बरोबरीने बोले.

"किनाऱ्यावर," सारंग म्हणाले.

"कोन? आपला यासीन?"

"आपला म्हनून काय झालं? डावा पाय नुसता लटकवलेला हाय. वळायला वेळ लावतो. न्हाय उचलनार कोनी."

बाजार चाट पडला. सख्ख्या नातवालाही माणूस माफ करत नाही, म्हणून सारंगांचा भाव आणखीच वाढला. गणू तेवढा चिडला. "सारंग, पोर लहानपनी माझ्या होडीवरनं उड्या मारायचं. त्याच्या पायाला तुम्ही नावं ठेवू नका. रेल्वे त्याला नेनार, मी सांगतो."

"तू मासळीचं बघ," सारंग म्हणाले.

मला अडचण निराळी. पेपरात यासीनचं नाव येऊ लागलं. एकदा आलं, पुन्हा आलं, एका आठवड्यात तीनदा आलं. मी उत्साहाने वाचायला गेलो की सारंग हात वर करत. "बॅकचं नाव आलं म्हनजे चूक केली असनार."

"अहो, चूक कसली? 'याच्या पुढे जाणं कोणालाही जमलं नाही' असं लिहिलंय."

"तुमचं विंग्रजी कच्चं हाय, मास्तर."

माझ्या इंग्रजीला आजवर शाळा तपासनिसांनीही नाव ठेवलेलं नव्हतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पेपर आला आणि ते ओसरीवर बसलेच होते.

त्याच सुमारास त्यांनी दुकानाची डागडुजी काढली. एक फळी वाढवली, बसायला दुसरी जागा केली, खिडकी मोठी केली. कोणी विचारलं तर म्हणत, "यासीन येईल आता. उजेड लागतो त्याला." हे ते इतक्या खुशीत सांगत की त्यांच्या अंदाजात आणि त्या खिडकीत काही संबंध असेल, हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्याही डोक्यात आलं नाही.

नारळी पौर्णिमेला चार दिवस होते. दुपारी टपालवाला आला, पण पेपराबरोबर एक लांबट लिफाफाही घेऊन आला. पत्ता सारंगांचा, शिक्का रेल्वेचा. मी तो त्यांच्यासमोर फोडला.

रेल्वेने यासीनला नोकरी देऊ केली होती. तीन वर्षांचा करार, राहायला खोली, संघात बॅकची जागा. मात्र उमेदवाराला एकवीस वर्षं पुरी नसल्यामुळे पालकाची संमती हवी, सही करून कागद उलट टपाली पाठवावा. आत यासीनची चिठ्ठी होती. त्यात दोनच ओळी: "नाना, तुम्ही म्हणाल तसं करीन. दुकानावर या म्हणालात तर येतो."

मी आनंदाने म्हणालो, "सारंग, चुकलात की. उचलला."

ते हसले नाहीत. कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. सही कुठे करायची ती ठिपक्यांची रेघ मात्र त्यांनी बरोबर शोधली.

"मास्तर, हितं सही केली न्हाय तर?"

"तर जागा दुसऱ्या कोणाला तरी जाईल."

"म्हनजे पोर घरी येईल. आनि माझी यादी खरी."

"हो," मी म्हणालो. आणि मग माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. यासीनचा डावा पाय किती पक्का आहे, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सबंध पावसाळाभर ते अंदाज सांगतच नव्हते, ते मागणं मागत होते.

कागद त्यांनी मांडीवर ठेवला. पागोळ्यांकडे बघत ते हळूच म्हणाले, "तीस वर्षं गोदीत उभा राहून लोकांची पोरं उचलली. पोरासंगं कुनाचा बाप यायचा, कुनाचा आजा. भिंतीला टेकून उभा ऱ्हायचा. मी पोराचे हात बघायचो, पाय बघायचो. भिंतीकडं कधी बघितलं न्हाय, मास्तर."

मग त्यांनी माझा टाक मागितला. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर जपत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंतही थांबले नाहीत. "आत्ताच्या टपालात टाका. उद्यापर्यंत माझ्यावर भरवसा ठेवू नका." मी चपला न घालताच पोस्टात गेलो.

पौर्णिमेच्या दिवशी सगळं गाव खाडीवर. होड्या रंगवून, पताका लावून उभ्या, बायका नारळ घेऊन आलेल्या. यासीनची बातमी तोवर घरोघर पोचली होती. गणू तांडेलाने चारचौघांत सारंगांना गाठलं.

"काय सारंग? घरचा माल ओळखता आला न्हाय तुमाला."

मी तोंड उघडणार होतो. सारंगांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

"न्हाय ओळखता आला," ते म्हणाले. "नजर गेली. म्हातारा झालो."

लोक हसले, तेही हसले. आणि मग त्यांची जीभ सुटली. डाव्या पायाने पोर चेंडू कसा थोपवतं, वळताना समोरच्याला कशी हुलकावणी देतं, लहानपणी वाळूत नारळ लाथाडून त्याचा पाय कसा घडला, हे त्यांनी खलाशांना, बायकांना, देवाला नारळ वाहायला आलेल्या भटजींनासुद्धा सांगितलं. सबंध पावसाळ्यात पोटात दाबून धरलेलं कौतुक त्यांनी एका दुपारी रिकामं केलं. मध्येच उठून, लुंगी वर खोचून, त्यांनी वळून दाखवलं आणि पडता पडता वाचले. गणूची बायको हसून हसून खाली बसली.

होडी पाण्यात लोटायची वेळ झाली. गणू दोराला हात घालता घालता म्हणाला, "मग सारंग, पोर आता घरी कधी येनार?"

रेल्वे कोणाला घेणार, गोदी कोणाला सोडणार, हे डोळे मिटून सांगणारे करीम सारंग लुंगी पुन्हा वर खोचू लागले.

"ते काय सांगता येत न्हाय," ते म्हणाले, आणि होडी ढकलायला पुढे झाले.