नऊशे सतरा नोंदी

संगणक काही केल्या सिंह उघडेना. मुलांच्या नाटकांचे पोशाख बेतून देणं हा बाईंचा उद्योग. संगणकावर मापं टाकायची, आराखडा छापायचा, की झालं. सिंहाचा आराखडा घ्यायला नाटकाचे मास्तर चार वाजता यायचे होते. उद्या प्रयोग, आणि सिंह अजून कापडाच्या गठ्ठ्यात झोपलेला.

"अहो, तासभर नुसतं चक्र फिरतंय याचं!"

बाईंचे यजमान कचेरीत तीस वर्षं दफ्तरदार होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी घरीदारी त्यांना दफ्तरदारच म्हणत. त्यांनी चष्मा पुसला, कुठलासा सफाईचा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि त्याने पडद्यावर जाहीर केलं : रजिस्ट्रीत नऊशे सतरा निरुपयोगी नोंदी. खाली मोठं हिरवं बटण : 'सर्व काढा'.

रजिस्ट्री म्हणजे संगणकाची स्वतःची नोंदवही. आलेला प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यात आपलं नाव लिहितो आणि जाताना खोडायला विसरतो.

"मग दाबा की बटण," बाई म्हणाल्या.

"चौकशीशिवाय? अगं, तीस वर्षांत मी साधी चिठ्ठी तशी फाडलेली नाही."

त्यांनी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या त्या नोंदी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. संगणक म्हातारा झालाय, एवढंच."

"म्हातारं झालं म्हणून बेशिस्त चालत नाही!"

"माझ्याकडे बघून बोलू नकोस," कोपऱ्यातून त्यांच्या आई म्हणाल्या.

अकरा वाजता त्रिसदस्यीय समिती बसली : दफ्तरदार, बाई आणि आई. माळ्यावरच्या कोऱ्या खतावणीचे लांबरुंद ताव काढले गेले. दफ्तरदार एकेक नोंद शाईने, वळणदार अक्षरात उतरवत होते. लिहून झालेला ताव बाईंनी आतल्या खोलीत वाळत घालायचा, असं ठरलं.

"नोंद पहिली. टंकलेखनाचा धडा."

"आपली लेक ह्याच्यावरच शिकली हो!" बाईंचा आवाज मऊ झाला.

"ठेवावी," दफ्तरदारांनी लिहिलं. "नोंद दुसरी. जुना प्रिंटर."

"तो मेला कागद चावायचा!"

"काढावी. एकमताने. नोंद तिसरी..."

साडेबारापर्यंत चौदा नोंदी झाल्या. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्या उठल्या. मग त्या फक्त ताव न्यायला बाहेर यायच्या. "तुझं मत?" विचारलं की आतून उत्तर यायचं, "ठेवा नाहीतर काढा, माझी सही समजा!" मागोमाग कच्‌कच्‌ असा काहीतरी आवाज. दफ्तरदारांना आवाज ऐकायला सवड नव्हती.

तीन वाजता बासष्टावी नोंद आली. ती कशाची हे कुणालाच आठवेना. दफ्तरदार म्हणाले, "हिच्यासाठी उपसमिती नेमावी लागेल."

आईंनी शांतपणे विचारलं, "अरे, त्या बटणाने सगळ्या जातात ना?"

"हो, पण..."

"सकाळपासून माझ्या सुनेचा सिंह अडकवून ठेवलायस," असं म्हणत त्यांनी हात लांबवला आणि बटण दाबलं.

क्षणात नऊशे सतराचं शून्य झालं. संगणक बंद झाला, पुन्हा सुरू झाला, पूर्वीइतक्याच संथपणे. साडेतीनला एकदाचा सिंह उघडला. दफ्तरदारांनी छापायची आज्ञा दिली. संगणक म्हणाला, प्रिंटर नाही.

"कसा नाही? हा काय शेजारी बसलाय!"

पण नोंदच नाही म्हटल्यावर ओळख कुठली? दफ्तरदारांना कळून चुकलं : बायकोने दिलेला शब्द आपल्यापायी मोडणार. ते आतल्या दाराशी गेले. "अगं, नोंदवहीची प्रत मी संगणकातच काढून ठेवली होती, सगळं परत आणतो. पण चारच्या आत... मास्तरांना मी सांगतो, चूक माझी."

तेवढ्यात घंटी वाजली. मास्तर वेळेचे पक्के.

दार उघडून दफ्तरदार क्षमा मागणार, तोच बाई आतून आल्या. हातात पुरा सिंह : धड, पंजे, आयाळ, वीतभर रुंद शेपूट. हातानेच बेतलेला, नीट घडी घातलेला.

"कागद छान दणकट आहे," मास्तर म्हणाले. मग थबकले. "बाई, आयाळीवर काय लिहिलंय? 'टंकलेखनाचा धडा, ठेवावी'... आणि शेपटीवर 'एकमताने'?"

"माझे ताव!" दफ्तरदार ओरडले.

"दुसरा एवढा मोठा कागद घरात नव्हता," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर थांबायचं नावच घेईनात. वाट तरी किती बघायची?"

दफ्तरदारांनी सिंहाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मास्तर निघाले तसे ते पुढे होऊन आडवे उभे राहिले.

"थांबा. असा सिंह नेता येणार नाही."

बाईंचा चेहरा पडला. "अहो, आता काय?"

"पोच द्या. सिंह एक, अखंड, मिळाला. खाली सही."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. "कागद?"

खतावणी संपलेली, प्रिंटरमधला कागद आतच अडकलेला; घरभर शोधूनही चिटोरं सापडेना. शेवटी दफ्तरदारांनी डावा तळहात पुढे केला. मास्तरांनी त्यावर गंभीरपणे पोच लिहून दिली, आणि आईंनी साक्षीदार म्हणून अंगठ्याखाली सही ठोकली.

संध्याकाळी जेवायला बसण्याआधी दफ्तरदारांनी उजवा हात स्वच्छ धुतला. डावा मात्र पाण्यापासून चांगला हातभर लांब धरला होता.