पाहुण्याला तहान नाही

पाण्याचे पेले समोर आले आणि संघप्रियेनं भावाच्या पायावर पाय दिला. खुणेसाठीच दिला, पण चांगला दणकून.

"घ्या न जी पाणी," मुलीचे वडील सोमाजी म्हणाले. "मूलवरून सिरोंचा म्हणजे सात तासाचा रस्ता. घसा सुकला असन."

मिथुनचा घसा सुकलाच होता. आई आणि बहिणीला घेऊन तो मूल गावाहून मुलगी पाहायला आला होता, आणि ही चौथी, रिना. आधीच्या तिघींकडून नकार आला, कारण म्हणे मुलगा तोंडच उघडत नाही. पण रिनाचा फोटो आल्यापासून तो एकटाच मोबाइलकडे पाहून हसायचा. "हे जमलंच पायजे," असं आईनं निघतानाच बजावलं होतं.

संघप्रियेचं बजावणं वेगळं होतं. शाळेत कावीळ या विषयावर भाषण करून ती नुकतीच पहिली आली होती! तेव्हापासून प्रवासात न उकळलेलं पाणी बंद, कच्चं बंद, बर्फ तर बंदच बंद. घरून आणलेलं उकळलेलं पाणी वाटेत संपलं, तरी नियम शिल्लक होते.

"त्याले तहान नाई," ती म्हणाली.

"सात तास झाले तरी?"

"त्याले लागतच नाई."

मग रिनाची आई सीताबाई पोहे घेऊन आल्या. वरून कच्चा कांदा, कच्चा सांभार म्हणजे कोथिंबीर. संघप्रियेचा पाय पुन्हा हलला.

"भूकबी नाई त्याले," ती घाईनं म्हणाली.

"मग ताक तरी घ्या."

ताकात पाणी असतंच. "पोट जड हाय त्याचं. वास आला तरी मळमळते."

आईनं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी विरघळली असती. पण संघप्रिया खूश होती. तीन पदार्थ, तीन कारणं, एकही अडलं नाही!

सोमाजींनी मात्र सावकाश चष्मा लावला. "तहान नाई, भूक नाई, पोट जड, मळमळ. मिथुनभाऊ, लघवी पिवळी होते का जी?"

मिथुननं लाजून मान खाली घातली. सीताबाईंनी पेले हळूच मागे ओढले. मग संघप्रियेच्या लक्षात आलं. तहान सोडली तर भाषणात तिनं काविळीची लक्षणं याच क्रमानं सांगितली होती.

"नाई हो काका!" ती ओरडलीच. "त्याले कावीळ नाई! कावीळ होऊ नये म्हणून तर तुमचं पाणी पेत नाई!"

आईनं डोळे मिटून घेतले.

"आमचं पाणी," सोमाजी म्हणाले. एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आतून रिना आली. ती उपकेंद्रात नर्स होती. हातात चहाच्या कपांऐवजी मोबाइलचा टॉर्च होता.

"बाबा, थांबा. पाणी मीच उकळून ठेवलं, पण त्यायनं काळजी घेतली त्याच्यात चुकलं का?" मग मिथुनला, "वर पाहा."

आधीच्या तिन्ही घरी मुलींनी फक्त फरशी पाहिली होती. रिनानं मिथुनच्या पापण्या खाली ओढून आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग कशाला कोण जाणे, पुन्हा उजवा.

"पांढरे आहेत," ती म्हणाली. "रस्त्यात काही खाल्लं-पेलं?"

मिथुननं बहिणीकडे चोरून पाहिलं. "आलापल्लीले बस थांबली तवा... उसाचा रस."

"बर्फ टाकून?"

"हो. दोन गिलास."

"कवा?" संघप्रिया किंचाळली.

"तू झोपली होतीस तवा."

रिनानं टॉर्च बंद केला. "मग आज काही सांगता येत नाही. कावीळ दिसायला महिना लागतो, कधी दीड महिना. दर रविवारी डोळे पाहावे लागतील."

"दर रविवारी?" सोमाजी उडालेच. "एवढ्या लांबून? काऊन, मूलले डॉक्टर नाई का?"

जो मुलगा तीन घरांत एक शब्द बोलला नव्हता, तो ताडकन म्हणाला, "नाई जी. एकबी नाई."

मूलमध्ये त्यांच्या एका गल्लीतच दोन दवाखाने होते. एकाची पाटी तर संघप्रियेच्या खिडकीतून दिसायची. तिनं तोंड उघडलं, भावाकडे पाहिलं, रिनाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदाच काही न बोलता मिटून घेतलं.