भोवऱ्याच्या उतारी सरकार बुडाले, त्याची हकीकत

“सरकार, आपण स्वतः हा खेळ खेळता काय?”

ऐसा सवाल भर दरबारी, सहा हजार रयत ऐकत असता, एका पंधरा वर्षांच्या मुलीने पुसिला, त्याची ही साद्यंत हकीकत. प्रथम नमन विघ्नहर्त्या गजाननास. दुसरे नमन वीजमंडळास, की त्या सांजेस दोन घटका दिवे गेले नाहीत. आणि तिसरे नमन ज्या मैत्रिणींनी हा सवाल पुसण्याची पैज लाविली त्यांस, कारण पैज नसती तर हकीकतही नसती. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमासी हे वर्तमान घडले.

राज्य कोणते म्हणाल, तर त्यास नाव सांगण्याची आज्ञा नाही. त्यास भूमी नाही, वेस नाही, सातबारा नाही. मोबाइलच्या काचेमागे वसलेले ते खेळाचे राज्य. खेळ रचून चालविणारी जी मोठी कंपनी, तिला रयत ‘सरकार’ म्हणे, आणि रयत म्हणजे गावोगावचे खेळणारे. सरकार रयतेस मायेने वागवी, आणि सणास तोरणे धाडी, आणि नव्या घोड्याचे नाव काय ठेवावे म्हणोन कौल मागे, आणि रयतेने काढिलेली चित्रे चावडीवर लावी, मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी दरबार भरवोन सर्वांचे बोलणे ऐके. दरबारी सरकारतर्फे बोलावयास निरंजन सोहोनी म्हणोन वकील होते. माणूस गोड, हसरा, रयत त्यांस निरंजनदादा म्हणे. मात्र वकिलांचा शिरस्ता ऐसा की काहीही मागा, उत्तर एकच, “आपलं म्हणणं आमच्यासाठी फार मोलाचं आहे, नोंद घेतली आहे.” ती नोंद कोठे जाते हे ब्रह्मदेवासही ठाऊक नव्हते.

या राज्याचे एका टोकास काळवंडी नदी, आणि तिचे पात्रात भोवऱ्याचा उतार. नवखा मनुष्य राज्यात आला की प्रथम हीच नदी ओलांडणे प्राप्त. पात्रात सात धोंडे. भोवरा फिरे तेव्हा ते पाण्याखाली जात, आणि थांबे तेव्हा वर येत, आणि केव्हा थांबेल हे खेळ कोणास सांगत नसे. नवखा येई, उडी घेई, बुडे, मग पुन्हा काठावर उभा राही, पुन्हा उडी घेई, पुन्हा बुडे, आणि चौथ्या वेळी मोबाइल उशीवर आपटोन निघोन जाई. हे पाहोन, सरावाने भोवऱ्याची लय ओळखणाऱ्या जुन्या रयतेने आपसात पाळी लाविली, आणि रोज सायंकाळी पाचसहा जण मशाली घेऊन काठावर उभे राहिले, आणि नवख्यास ‘थांब, थांब, आता!’ म्हणोन पार नेऊ लागले. त्यांस मशालजी म्हणत. सरकारने त्यांस नेमिले नव्हते, की त्यांची खबरही सरकारास नव्हती.

या मशालजींत दुर्वाबाई खरमाळे, इयत्ता दहावी, तुकडी ब. या बाईंची पूर्वीची कीर्ती काय वर्णावी! वर्गात हजेरीस ‘हजर’ म्हणत तेही इतके हळू की वर्गाच्या शिक्षिकेने दोन वेळा गैरहजेरी मांडली, आणि दुर्वाबाई समोर बसल्या असोन गैरहजर राहिल्या. दोन वर्षांमागे त्या स्वतः या उतारी एकोणीस वेळा बुडाल्या, आणि कोणा अनोळखी ताईने त्यांस पार नेले, मग त्यांनीही मशाल उचलिली. प्रथम त्या लिहून सांगत, ‘थांब, आता उडी मार,’ परंतु नवखा वाचता वाचताच बुडे. पाच जण ऐसे वाचता वाचता गेले, तेव्हा दुर्वाबाईंनी जीव मुठीत धरोन बोलावयाचे बटण दाबिले, आणि राज्यात प्रथमच त्यांचा आवाज उमटला. मग तो आवाज रोज थोडा मोठा जाहला, आणि एके दिवशी वर्गातही ‘हजर!’ ऐसा निघाला की मागील बाकावरचा पंकज खडबडून जागा जाहला.

घरी मात्र वेगळाच मजकूर. तीर्थरूप रामचंद्रराव बसगाड्यांच्या आगारी वाहतूक नियंत्रक. त्यांनी एकदा लेकीच्या मागे उभे राहोन काचेत डोकाविले, आणि बोलिले, “दुर्वे, अर्धा तास झाला, ही तुझी बाहुली नुसती उभी आहे. उभं राहायला कशाला नेट लागतं?”

ऐसे चालले असता श्रावणाच्या आरंभी सरकारचे आकड्यांच्या फडाने, म्हणजे कोण कोठे किती वेळ रमतो हे मोजणाऱ्या लोकांनी, हुजुरात अर्ज केला की भोवऱ्याचे उतारी रयत तासतास निश्चल उभी राहते, लढत नाही, हिंडत नाही, विकत काही घेत नाही. यावरोन उघड आहे की जागा कंटाळवाणी. सबब दिवाळीपूर्वी उतार बुजवावा, आणि नवख्यांस थेट पलीकडचे बाजारी उतरवावे. हुकूम सुटला. कारणासह तो चावडीवर लागला, आणि मशालजींत हाहाकार जाहला. दुर्वाबाईंनी तीन अर्ज धाडिले, आणि तिन्हींस उत्तर तेच, मोलाचे आहे, नोंद घेतली आहे.

मग मधल्या सुटीत खलबत बसले. सबा तांबोळी आणि पल्लवी गुरव या दुर्वाबाईंच्या मैत्रिणी, दोघीही मशालजी, तोंडाळ आणि जिवाभावाच्या. सबा म्हणाली, “अर्ज-बिर्ज बास कर गं. सरळ दरबारात विचार निरंजनदादाला, तू स्वतः खेळतोस का?”

“वेडी आहेस का? सहा हजार लोक असतात!”

पल्लवी म्हणाली, “टरकली! बघ बघ, कान लाल झाले.”

“टरकले नाहीये.”

“मग लाव पैज,” सबा डबा उघडीत म्हणाली. “विचारलंस तर आठवडाभर अम्मीच्या हातचे पॅटिस तुझे. नाही विचारलंस तर तुझी साबुदाण्याची खिचडी माझी. आणि तोंडाने विचारायचं हं, टाइप करून नाही.”

दुर्वाबाईंनी पॅटिसकडे पाहिले, आणि बुजणारा उतार डोळ्यांपुढे आला, मग टाळी दिधली.

रविवारी दरबार भरला. निरंजनदादा सुवर्णपगडी घालोन सिंहासनाशेजारी उभे, कारण सरकारच्या प्रत्येक माणसास खेळात ऐशी पगडी आपोआप मिळे. नव्या घोड्याचे नाव जाहीर जाहले, आणि फुले उधळिली गेली, मग दुर्वाबाईंची पाळी आली. सबाचा संदेश आला, ‘पॅटिस थंड होतायत.’ मग दुर्वाबाईंनी सवाल पुसिला, तो आरंभी लिहिलाच आहे.

निरंजनदादा हसोन बोलिले, “अहो, रोज खेळतो! मनापासून खेळतो.”

“मग भोवऱ्याच्या उतारावर किती वेळा बुडालात, दादा?”

“मी? एकदाही नाही,” वकील मोठ्या डौलात बोलिले.

आणि सहा हजार रयत एकदम हसली. कारण या राज्यात भोवऱ्याचे पाणी न प्यालेला मनुष्य जन्मास आला नव्हता. कोणी लिहिले, ‘दादा पाण्यावर चालतात, आरती करा.’ कोणी लिहिले, ‘दादांची थाप मोलाची आहे, नोंद घेतली आहे.’ निरंजनदादांचा चेहरा पडला, आणि दुर्वाबाईंस त्यांची दया आली. कारण मनुष्य लबाड नव्हता. गोम दुर्वाबाईंस त्याच क्षणी उमगली, आणि त्या बोलिल्या, “दादा, तुम्ही खोटं नाही बोलत. तुमची पगडी आहे ना, तिला अभय असणार. तुम्हाला पाणी बुडवतच नाही. म्हणून तुम्हाला कळलंच नाही कधी. पगडी काढून या ना एकदा. आत्ता.”

वकिलांच्या काय मनात आले कोण जाणे, त्यांनी पगडी उतरविली, साधा सदरा घातला, आणि सर्व रयत पाहत असता नदीवर आले. पहिली उडी घेतली, बुडाले. दुसरी घेतली, बुडाले. तिसऱ्या खेपेस दोन धोंडे गाठिले, आणि ‘जमलं!’ म्हणता म्हणता बुडाले. पाचव्या वेळी बुडाले तेव्हा हसणारी रयतही ‘अरेरे’ म्हणाली. सातव्या वेळी काठावर उभे राहोन बोलिले, “करायचं काय नक्की? कुणी सांगेल का?”

दुर्वाबाई मशाल घेऊन पुढे जाहल्या. “मी सांगते. पाण्याकडे बघू नका. माझ्या मशालीकडे बघा. मी खाली केली की उडी. थांबा. थांबा. आता! शाब्बास. थांबा. अजून नाही. दादा, थांब म्हटलं ना! आता!” आणि थांबा म्हणत, आता म्हणत, सात धोंडे सरले, आणि सरकारचा वकील भिजलेल्या मांजरासारखा पैलतीरी लागला. ओहोहो, काय जल्लोष जाहला! पल्लवीने म्हणे घरी ताट वाजविले, आणि तिच्या आईने ते काढोन घेतले.

निरंजनदादांनी वळोन पाहिले, तो ऐलतीरी सहा मशाली निश्चल उभ्या. बोलिले, “हे सगळे तिथे उभे का आहेत?”

“पुढच्याची वाट बघतायत,” दुर्वाबाई म्हणाल्या. “तुमच्या आकड्यांत दिसतो तो कंटाळा, तो हाच.”

वकिलांनी त्या मशाली एकेक करोन मोजिल्या. मग म्हणाले, “पण दुर्वा, उतार बुजला तर कुणी बुडणारच नाही. ते चांगलंच ना?”

“कुणी बुडणार नाही, आणि कुणी कुणाला भेटणार पण नाही. मला इथेच एका ताईने पार नेलं. मी आधी बोलायचे नाही, दादा. खरंच.”

या वेळी नोंद घेतली ऐसे वकील म्हणाले नाहीत. म्हणाले, “हुकूम माझ्या हातात नाही. पण ज्यांच्या हातात आहे त्यांना मी इथे आणतो. पगडीशिवाय.”

आणि आणिले. त्या सप्ताही राज्याच्या धनीणबाई स्वतः साध्या वेषात आल्या, आणि नऊ वेळा बुडाल्या, आणि दहाव्या वेळी सबाने त्यांस पार नेले. त्या कोण हे सबास ठाऊक नव्हते, म्हणोन ती म्हणाली, “काकू, घाई कसली? बस चुकतेय का?” धनीणबाई इतक्या हसल्या की आकड्यांचा फड भयभीत जाहला. मग नवा हुकूम सुटला. बाजाराची वाट उघडावी, परंतु उतार राखावा, आणि कोणत्या वाटेने जावे हे नवख्याने ठरवावे. आणि सरकारच्या प्रत्येक माणसाने महिन्यातून एकदा पगडीवाचोन नदी ओलांडावी. मशालजींस वाटले, आता सारे बाजारानेच जाणार. पहिले सप्ताही दहांतील चार उतारावर आले. चार थोडे म्हणावेत तर थोडे. पण ते चौघे आपण होऊन आले होते.

येणेप्रमाणे सरकार बुडाले आणि शहाणे जाहले, उतार राहिला, रयतेचा बोल हुजुरात पोहोचला, आणि पॅटिस सहा दिवस मिळाले, सातव्या दिवशी सबाने स्वतः खाल्ले. इतकेच सार. एक कलम मात्र उरले, ते घरचे.

सरकारचे पत्र आले की दुर्वाबाईंनी रयतेच्या सल्लागार मंडळात बसावे, आणि मानाची सुवर्णपगडी घ्यावी. वय पंधरा, सबब आईवडिलांची सही पाहिजे. तीर्थरूप कामावरोन आले होते, शिटी अद्याप गळ्यात. पत्र दोन वेळा वाचोन बोलिले, “म्हणजे आता उभं राहायला सरकारी बोलावणं? दहावीचं वर्ष आहे, दुर्वे.”

“बाबा, तुम्ही दिवसभर स्टँडवर उभे असता. काय करता?”

“काय करता म्हणजे? लोकांना त्यांच्या गाडीत बसवतो! मी उभा नसलो तर निम्मी माणसं भलत्याच गावाला...” आणि तीर्थरूप तेथेच थांबले. मातुश्री भाजी निवडता निवडता हसू लागल्या, आणि म्हणाल्या, “बोला ना पुढे.”

मग दुर्वाबाई उठोन उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या घरापर्यंत जाईल ऐशा आवाजात बोलिल्या, “आई, बाबा, मी ठरवलंय. मी मंडळात बसणार. रविवारी एक तास, आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी, तसं त्यांना कळवणार. पगडी नको म्हणूनही कळवणार, ती घातली की पाणीच लागत नाही. आणि सही लगेच करू नका. आधी तुम्ही दोघांनी उतार ओलांडायचा. बुडाल. सगळेच बुडतात. मी मशाल धरून उभी आहे.”